'गाडीवरनं पडलो': बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग विद्यार्थ्याचं प्रकरण

मी समुपदेशक आहे. हाडांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे फारसे पेशंट येत नाहीत. आलेच तर पाठ-मान दुखणारे, एमआरआयमध्ये काही न सापडलेले. हा मुलगा उजव्या हाताला प्लास्टरचा स्लॅब बांधून आला. सोबतच्या चिठ्ठीवर निदान होतं, करंगळीच्या मुळाशी तळहाताचं हाड मोडलंय, आणि खाली पेनानं लिहिलेलं: 'सात महिन्यांत दुसऱ्यांदा. जरा बोलून बघा.'

वय वीस. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. कॉलेज आणि हॉस्टेल बेळगावात. मुलाच्या संमतीनं हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि कॉलेज, दवाखाना, डॉक्टर यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ओपीडीत त्यानं सांगितलं होतं, गाडीवरनं पडलो. पहिल्या वेळीही हेच सांगितलं होतं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि मग हात पाहिला. गाडीवरून पडणारा माणूस तळवे टेकतो, म्हणून मनगट मोडतं, नाहीतर गळ्याजवळचं हाड जातं. कोपर, गुडघा, कुठं ना कुठं खरचटतं. या मुलाच्या अंगावर खरचटल्याची एक रेघ नव्हती. फक्त करंगळीचं पेर सुजून बसलेलं आणि त्यावरची कातडी फुटलेली. इंग्रजीत या दुखापतीला मुष्टियोद्ध्याचं नाव आहे, पण ही दुखापत कसलेल्या मुष्टियोद्ध्यांना क्वचित होते. होते ती भिंतीवर, दारावर मूठ आपटणाऱ्या तरुण मुलांना. डॉक्टरांनी त्याला खोटं पाडलं नाही. 'गाडी कुठली?' एवढंच विचारलं. त्याच्याकडे गाडीच नव्हती.

स्वतःला इजा करणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येतं, आणि त्या चित्रात बहुधा मुलगी असते. मुलग्यांचं दुखणं दुसऱ्या रजिस्टरात जातं. वॉर्डनच्या वहीत 'मालमत्तेचं नुकसान', दवाखान्यात 'अपघात', मित्रांत 'डोकं फिरलंय त्याचं', घरी 'रागीट, आज्जावर गेलाय'. राग हा मुलग्यांना चालवून घेतलेला एकमेव भाव असल्यामुळे बाकीचं सगळं त्याच दारानं बाहेर पडतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यात १३,०४४ विद्यार्थी होते. पण हे झाले मृत्यू. जी मुलं मरत नाहीत, मरायचं ठरवतही नाहीत, तरी स्वतःला दुखवत राहतात, त्यांची मोजदाद या आकड्यांत नाही.

मरण्याच्या हेतूशिवाय स्वतःला केलेली इजा ही वेगळी गोष्ट आहे हे मानसशास्त्रात मान्य झालं आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत ती 'पुढं अभ्यास व्हायला हवा' अशा यादीत आली. मात्र वेगळी म्हणून निरुपद्रवी नव्हे. ज्यानं एकदा स्वतःला इजा केली आहे त्याला पुढं आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून 'एवढंच ना, हातच आपटला ना' असं म्हणून फाइल मिटता येत नाही.

घर, गाव, फी

दहावीपर्यंत मराठी शाळा. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेत, शाळेत पहिला, गावात बोर्ड लागला, फोटोसकट. पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेऊन बेळगावला आला तेव्हा सगळं शिकवणं इंग्रजीत, वर्गातली कुजबूज कन्नडमध्ये, आणि याची मराठी खानापूर बाजूची. बेळगावातली मुलंही तिला हसतात. कष्टानं निभावलं. सीईटीतून इंजिनिअरिंगला सीट मिळाली.

वडील गोव्यात कामाला. खानापूर तालुक्यातल्या पुष्कळ घरांचं असंच आहे, चोर्ला घाट उतरला की पोटाचा प्रश्न सुटतो. महिन्या-दीड महिन्यानं घरी येणं. आई, आजी आणि थोडी भातशेती गावात. फी भरली काकांनी. काकांचा खानापुरात छोटा धंदा आहे, चार पैसे हातात असतात, आणि 'आमच्या घरातला पहिला इंजिनिअर' हे वाक्य ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. त्यांनी कधी पैशाची आठवण करून दिली नाही. मुलाला ते बोलून दाखवण्यापेक्षा जड गेलं.

पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं. निकाल लागला त्या रात्री काकांचा फोन आला आणि हा म्हणाला, 'सगळं सुटलं.' दुसऱ्या दिवशी दुकानात पेढे वाटले गेले. पुढच्या सात महिन्यांचं मूळ या दोन शब्दांत आहे. फोन आला की तेच खोटं पुन्हा उभं करायचं, मार्क विचारले तर आकडा बनवायचा, बनवलेला आकडा लक्षात ठेवायचा. दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा गणित तसंच राहिलं होतं, वर आणखी एक विषय राहिला.

हॉस्टेलनं काय केलं, घरानं काय केलं

पहिल्यांदा हात मोडला तो मार्चमध्ये, पहिल्या निकालानंतर. हॉस्टेलच्या बाथरूमचं दार फुटलं. वॉर्डननी दंड लावला आणि एक हमीपत्र लिहून घेतलं, 'पुन्हा असं वर्तन करणार नाही'. कन्नडमधला छापील मजकूर होता, त्यानं सही केली. पोरांनी त्याचं नाव 'पैलवान' ठेवलं. एकानं फुटलेल्या दाराचा फोटो स्टेटसला टाकला, खाली हसण्याचे इमोजी. प्लास्टरवर सह्या झाल्या. त्यात कुणाचाही दुष्टावा नव्हता. वीस वर्षांच्या मुलांना असल्या प्रसंगी दुसरं काही सुचत नाही, आणि सुचावं म्हणून त्यांना कुणी शिकवलेलंही नसतं.

वॉर्डननी घरी फोन केला. घरात दोन दिवस खलबत झालं आणि ठरलं: दाखवायचं, पण बेळगावात नको. खानापूरचं अर्धं गाव बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला बेळगावातच असतं. मनाच्या डॉक्टरच्या दाराशी कुणी पाहिलं तर उद्या सोयरिकीच्या वेळी निघेल. पोरगं वीस वर्षांचं, सोयरीक अजून कोसभर लांब, पण हिशेब हाच. कोल्हापूरला आत्या राहते, तिथं न्यायचं.

इकडं हे सर्रास चालतं. बेळगावची माणसं कोल्हापूरला जातात, कोल्हापूरची मिरज-पुण्याला. अंतर दवाखान्याच्या गुणावर ठरत नाही, ओळखीची माणसं कुठं संपतात यावर ठरतं. कोल्हापूर बेळगावपासून साधारण ११० किलोमीटर. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं औषध योग्यच होतं, फाइलमध्ये चिठ्ठी आहे. पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. पंधरा दिवसांनी इंटर्नल्स, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा, होत्या, आत्याच्या घरी पाहुणे होते, वडिलांना रजा नव्हती. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. गोळ्या महिन्याच्या आत संपल्या, फरक दिसला नाही, आणि 'काही उपयोग नाही' असा निष्कर्ष निघाला. शिवाय तोवर प्लास्टर निघालं होतं, म्हणजे घराच्या लेखी आजार बरा झाला होता.

लपवता यावा म्हणून निवडलेला उपचार बहुतेक वेळा असाच सुटतो. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, कारण ती औषधात नव्हती, डॉक्टरात नव्हती, मुलाच्या मनोविकारातही नव्हती. अंतर ठरवतानाच अपयश ठरून गेलं होतं.

पहिली भेट

तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. स्लॅब मांडीवर, डाव्या हातानं बँडेजचं सुटलेलं टोक गुंडाळत.

'गाडीवरनं पडलो की, मॅडम.'

'बरं. हात दुखतोय?'

'दुखतोय. तसं काय न्हाई.'

'झोप?'

'झोप न्हाई लागत. कशाला विचारायलासा?'

मी म्हणाले, हात दुसऱ्यांदा मोडलाय, मोडायच्या आधीचे दोन तास कसे गेले तेवढंच सांग, भिंतीचं नंतर बघू. भिंतीचं नाव मी काढलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघितला. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या रात्रीचं त्यानं सांगितलं ते असं. जेवण झालं. साडेनऊला काकांचा फोन. 'रिझल्ट लागला म्हणं काय?' यानं सांगितलं, लागला, चांगलाय. काका म्हणाले, 'मार्क कार्ड पाठीव व्हाट्सअॅपवर, दुकानात दावतो.' फोन ठेवल्यावर छातीत गच्च झालं. खोलीत पोरं होती म्हणून तो गच्चीवर गेला. तिथं अर्धा-पाऊण तास. मग पाण्याच्या टाकीची भिंत. आणि नंतर? 'नंतर गार झाल्यासारखं झालं. खाली आलो आन झोपलो. लई दिवसांनी झोपलो.'

ही शेवटची दोन वाक्यं ऐकू आली नाहीत तर पुढचं सगळं चुकतं. दुखापतीनं त्याचं काहीतरी काम केलं होतं: गच्च झालेलं सुटलं, झोप आली. त्याच्या मते शिक्षाही झाली, ती त्याला हवी होती. आणि तिसरी गोष्ट तो बऱ्याच भेटींनंतर बोलला. हात प्लास्टरमध्ये असला की कुणी मार्क विचारत नाही. काका 'हात कसाय' विचारतात, आई जेवलास का विचारते, सर होमवर्क मागत नाहीत. चार आठवड्यांची सुट्टी मिळते, आणि ती मागावी लागत नाही.

जिवाचा प्रश्न मी त्याच भेटीत सरळ विचारला: मरून जावं असं वाटतं का, तसं काही ठरवलं आहेस का. विचारल्यानं डोक्यात नसलेलं डोक्यात जातं ही भीती शिक्षकांत, पालकांत, डॉक्टरांतसुद्धा असते. यावर झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट विचारलं गेल्यावर माणूस मोकळा होतो. तो म्हणाला, 'ठरीवलं न्हाई. पण सकाळी जाग आली नसती तर बरं, असं वाटतं.' कधीपासून? उन्हाळ्यापासून. बेत नव्हता, तयारी नव्हती, पण विचार रोजचा होता. दारू महिन्यातून एखादी वेळ, मित्रांबरोबर. पहिली मूठ त्यातल्याच एका रात्रीची होती. मांडीवर जुन्या खुणा होत्या, पीयूसीच्या काळातल्या. त्या त्यानं स्वतःहून सांगितल्या आणि मी त्यांचा तपशील उकरला नाही.

आधी काय केलं नाही

आधी 'थांब' म्हटलं नाही. जे एकच साधन माणसाच्या हातात आहे ते पहिल्याच दिवशी काढून घेतलं तर तो ते चोरून वापरतो. शपथ घेतली नाही. 'पुन्हा करणार नाही' असं लिहून घेणं हॉस्टेलनं करून झालंच होतं. मानसोपचारातही असे करार पूर्वी लिहून घेत. त्यांनी धोका कमी होतो असा पुरावा मिळालेला नाही. झालं तर एवढंच होतं की मोडलेलं वचन लपवण्याचं आणखी एक ओझं वाढतं. या मुलाकडे लपवायला आधीच पुरेसं होतं.

आणखी एक सल्ला नाकारला. तो लहानपणी गावच्या तालमीत जायचा. तिथले वस्ताद भले माणूस, त्यांनी सुचवलं होतं, पोराला सॅक टांगून द्या, राग तिथं काढू दे. ऐकायला पटतं. पण राग आपटून बाहेर काढला की तो कमी होतो ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. आपटणारा आणखी तापलेला आढळतो. शिवाय याच्या हाताला आपटायचीच सवय लागली होती, तिला सरावाची गरज नव्हती. त्याऐवजी साडेनऊच्या फोननंतरची पहिली वीस मिनिटं पकडली. तोंडावर गार पाणी, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब, आणि गच्चीवर न जाता खाली गेटपर्यंत चालणं, एकट्यानं नाही.

एकट्यानं नाही, म्हणजे कुणाबरोबर? इथं रूममेट आला. अथणीकडचा, घरी कन्नड बोलणारा. सीमाभागाबद्दल वर्तमानपत्रांत जे छापून येतं ते वाचून वाटेल की या दोघांचं एका खोलीत निभणं अवघड. प्रत्यक्षात दुसऱ्या रात्री याचा सुजलेला हात पाहून दवाखान्यात नेणारा तोच होता आणि पैसेही त्यानंच भरले. दोघं आपसांत जी भाषा बोलतात तिच्यात तीन भाषा असतात आणि व्याकरण कुठलंच नसतं. मुलाच्या परवानगीनं त्याला एकदा बोलावून घेतलं. त्याला काउन्सेलर बनवायचं नव्हतं. काय करायचं आणि काय त्याच्या अंगावर नाही, हे सांगायचं होतं: रात्री हा उठून बाहेर चालला तर बरोबर चाल, उपदेश करू नकोस, आणि जिवाचं बोलला तर गुपित ठेवू नकोस, वॉर्डनना आणि मला सांग. ऐकून तो म्हणाला, 'एवढंच ना? एवढं करतो की.' त्यालाही गेले सात महिने काय करावं ते कळत नव्हतं.

सुरक्षा आराखडा लिहिला तो मराठीत, त्याच्याच शब्दांत, मोबाईलच्या नोट्समध्ये. अमेरिकेत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी बसवलेली पद्धत आहे: धोक्याची चाहूल कशी ओळखायची, स्वतः काय करायचं, मन दुसरीकडं वळवायला कुठं जायचं, कुणाला बोलायचं, कुठल्या डॉक्टरला किंवा नंबरला फोन करायचा, आणि घातक वस्तूंपासून अंतर कसं ठेवायचं. 'चाहूल' या रकान्यात त्यानं लिहिलं: 'काकाचा फोन. छातीत गच्च. पोरांचा आवाज नको वाटतो.' नंबरांत टेली-मानसचा १४४१६ घातला. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते, भाषा निवडता येते, मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. नंबर नुसता लिहून दिला तर ऐन वेळी कुणी लावत नाही, म्हणून भेटीतच एकदा लावून पाहिला. शेवटच्या रकान्यासाठी गावच्या घरातली शेतीची औषधं कुलपात आणि किल्ली आईकडे, एवढं ठरलं. शेतकरी घरात ही गोष्ट मुलाचा बेत असो-नसो करून ठेवावी.

औषध पुन्हा सुरू करायचं तर मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि ते जवळचे हवेत. कर्नाटकात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात येतात, म्हणजे खानापुरातही सोय होती. ऐकूनच त्यानं मान हलवली, तिथं काकांचं दुकान. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था मोठी आणि जुनी, पण पुन्हा लांब. शेवटी बेळगावातच, हॉस्टेलपासून सिटी बसनं जाता येईल असे डॉक्टर ठरले. पंचविशीच्या आतल्या मुलांत ही औषधं सुरू केल्यावर पहिले काही आठवडे अस्वस्थता आणि जिवाचे विचार वाढत नाहीत ना हे बघावं लागतं. जवळचा डॉक्टर हवा तो याच कारणानं. गोळ्या एका वेळी आठवड्यापुरत्याच द्यायच्या असं ठरलं.

आई-वडील

मुलगा सज्ञान. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं त्याच्या उपचाराची गुप्तता हा त्याचा हक्क आहे, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. त्यामुळे घरी काय सांगायचं हे आधी त्याच्याशी ठरवलं. हात कसा मोडला ते सांगायचं. दोन विषय राहिलेत ते सांगायचं, आणि ते त्यानं स्वतः सांगायचं. मांडीच्या खुणा नाहीत. काकांना काहीच नाही.

वडील गोव्याहून पहाटेच्या बसनं आले, आई गावाकडून. आईनं कागदाच्या पुडीत अंगारा आणला होता, बसल्या बसल्या तिनं तो मुलाच्या कपाळाला लावला. मी काही म्हणाले नाही, त्यानंही पुसला नाही. विषयांचं त्यानं सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मग म्हणाले, 'दोन इषय राहिलं म्हणून हात मोडून घ्यायचा? मी धावीला दोनदा बसलोय.' मुलाला हे माहीत नव्हतं. वीस वर्षांत घरात कुणी बोललं नव्हतं.

त्यानंतर लगेच आई उठली. 'माझ्या डोस्क्यावर हात ठेव आन म्हण, परत करणार न्हाई.' मुलानं हात उचललासुद्धा, डावा. मी थांबवलं. शपथ मोडली तर तो तुम्हाला सांगणार नाही, आणि आपल्याला तर कळायला हवंय, हे तिला दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगावं लागलं. तिला पूर्ण पटलं असं नाही. शेवटी ती म्हणाली, 'मग फोन तरी कर, कायबी झालं तर.' शपथेच्या जागी हे चालण्यासारखं होतं. वडिलांनी एक गोष्ट स्वतःहून ठरवली: मार्कांचं यापुढं फोनवर विचारायचं नाही. काकांना काय सांगायचं हा प्रश्न मात्र दोघांनाही सुटेना, कारण फीचे पैसे त्यांचे होते.

कॉलेज

स्लॅब असताना इंटर्नल्स आल्या. लेखनिक मागायला अर्ज हवा होता आणि अर्जात कारण. हाडाच्या डॉक्टरांचा दाखला पुरेसा होता, त्यात हात मोडल्याचं होतं, कसा मोडला ते नव्हतं. मानसिक आजाराचा दाखला जोडला असता तर काम कदाचित लवकर झालं असतं, पण तो कागद ऑफिसातून किती टेबलांवर फिरला असता कोण जाणे. ८५ टक्के हजेरीचा प्रश्न विभागप्रमुखांना भेटून सुटला. त्यांना एवढंच सांगितलं की विद्यार्थी उपचार घेतोय. त्यांनी पुढं विचारलं नाही.

या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर काउन्सेलर म्हणून एक नाव आहे. ते फिजिक्सच्या सरांचं आहे, त्यांना 'अतिरिक्त कार्यभार' दिलाय. सर चांगले, पण त्यांच्याच हातात इंटर्नलचे मार्क. मुलगा त्यांच्याकडे जाईल कसा? जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. त्याआधी २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आल्या होत्याच. बोर्डावर नाव लिहून दोन्हींची पूर्तता झाल्याचं दाखवता येतं. माझं म्हणणं इतकंच, मार्क देणारा आणि मन ऐकणारा एकच माणूस नको.

दंडाचा विषय निघाला तेव्हा हॉस्टेलच्या ऑफिसात एकानं 'हे पोलिस केस होतं ना?' असंही विचारलं. होत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरावं, असं २०१७ च्याच कायद्याचं कलम ११५ सांगतं, आणि जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेलं नाही. इथं तर तसा प्रयत्नही नव्हता. पण ही भीती कॅज्युअल्टीतल्या स्टाफलाही असते, आणि तिच्यामुळेच अनेक केसपेपरांवर 'पडला' लिहिलं जातं.

पुढं

झोप महिन्याभरात सुधारली. सकाळचा विचार आधी रोजचा होता, मग अधूनमधून झाला. डिसेंबरात एकदा पुन्हा भिंत झाली, मोडलं काही नाही, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं. जानेवारीच्या परीक्षेत गणित सुटलं. दुसरा विषय राहिला.

काकांना कळलं ते आमच्यापैकी कुणाकडून नाही. व्हीटीयूच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, साइटवर नुसता सीट नंबर घातला की निकाल दिसतो, चुलत भावानं घातला. काका चिडले ते राहिलेल्या विषयावर नाही, वर्षापूर्वी वाटलेल्या पेढ्यांवर. शिमग्याला गावात आले तेव्हा पुतण्याशी बोलले नाहीत. तो आठवडा आम्ही रोज फोनवर होतो, आणि रूममेट रोज रात्री गेटपर्यंत. हात शाबूत राहिला. पुढची फी काकांनी भरली, पण आईच्या हातून. बोलणं अजून नाही. मुलाला वाटतं आपण जाऊन पाया पडावं आणि सगळं सांगावं. वडिलांना वाटतं हाताचं सांगू नये. मी दोन्ही बाजूंनी मत दिलेलं नाही, कधी आणि किती सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं आहे.

औषध चालू आहे, डॉक्टरांनी निदान वर्षभर म्हटलंय. करंगळीचं पेर आत बसलंय, मूठ वळली की तिथं खोलगा दिसतो, पेन धरायला अडचण नाही. राहिलेला विषय तो जून-जुलैच्या परीक्षेत देणार आहे. निकाल लागेल त्या रात्री तो हॉस्टेलवर नसेल, गावी असेल आणि वडील रजा काढून घरी असतील, असं तिघांनी मिळून ठरवलंय. ज्या ऑर्थो ओपीडीतून तो आला होता तिथं आता तरुण मुलाचं हे हाड मोडलेलं दिसलं की डॉक्टर आधी गाडी कुठली ते विचारतात. गेल्या दोन महिन्यांत त्यांनी आणखी काही चिठ्ठ्या पाठवल्या आहेत. एक मुलगी होती, बाकी सगळे मुलगे.